अकराव्या विहिरीचे संदर्भ

आमच्या संशोधनपत्रिकेचं वजन किती, हे मोजायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला मनातून गुदगुल्या झाल्या होत्या, हे आधीच कबूल करतो. पुढचं वाचून कोणी मला उगाच सज्जन समजायला नको.

मी जालन्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचो आणि आपल्या भागातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांसाठी निघणारी एक सहामाही पत्रिका संपादित करायचो. संपादित करायचो म्हणजे लोकांच्या मागे लागून लेख मागायचे, आलेले लेख पुन्हा धड मराठीत लिहायचे, मस्तगडातल्या छापखान्यात बसून प्रुफं तपासायची आणि अंक निघाला की पिशव्यांत भरून पोस्टात न्यायचा. 'सहामाही' हे फक्त मुखपृष्ठावर. प्रत्यक्षात अंक वर्षाने निघायचा, नाहीतर जोडअंक काढून आम्ही अब्रू झाकायचो. तरी पंधरा-वीस वर्षं तो बंद पडू दिला नव्हता, आणि त्याचा मला चांगलाच माज होता.

दोन हजार सालाच्या पुढेमागे कॉलेजांचं मूल्यांकन करायला समित्या फिरू लागल्या. आमच्याकडेही येणार म्हणून कळलं. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि समोर एक जाडजूड फॉर्म सरकवला.

"सर, हे बघा. जर्नलचा इम्पॅक्ट विचारून राह्यले. आपल्या अंकाचा संदर्भ कोणी दिला, कुठं दिला, किती वेळा दिला, सगळं बराबर पाहिजे. दीड महिना हाय. जल्दी करा."

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय, ते मी एका चर्चासत्रात ऐकून आलो होतो. हिशेब साधा आहे. मागच्या दोन वर्षांत आपण जेवढे लेख छापले, त्यांचे यंदा इतरांनी किती संदर्भ दिले ते मोजायचं आणि लेखांच्या संख्येने भागायचं. मी घरी बसून भागून पाहिलं. उत्तर शून्य आलं. येणारच, कारण मागच्या दोन वर्षांत आमचा एकच जोडअंक निघाला होता आणि त्याचा संदर्भ कोणी दिला नव्हता. मग मी ठरवलं की दोन वर्षांची अट परदेशातल्या लोकांना ठीक आहे, आपण पहिल्या अंकापासूनचं सगळं मोजू. प्राचार्य म्हणाले, "बिलकुल बराबर."

संदर्भ शोधायचे कुठे, हा खरा प्रश्न होता. आमच्यासारख्या पत्रिकेची नोंद जगातल्या कुठल्याही सूचीत नव्हती. पण आमच्याकडे अंकाच्या बदल्यात इतर कॉलेजांचे, संस्थांचे अंक येत, त्यांचे गठ्ठे ग्रंथालयात होते. प्रबंध होते, निरनिराळे अहवाल होते. प्रत्येकाची शेवटची पानं उघडायची आणि संदर्भसूचीत आपलं नाव शोधायचं, एवढंच हातात होतं. हे काम माझ्या एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. आमच्या ग्रंथपाल मॅडम मदतीला आल्या.

मॅडम तेव्हा तिशीच्या असतील. कॉलेजात लागून तीन-चार वर्षं झाली होती. बोलणं कमी, अक्षर मोत्यासारखं, आणि कामाचा उरक असा की मला माझीच लाज वाटावी. ग्रंथालयाच्या जुन्या कॅटलॉगमधली बाद कार्डं त्यांनी काढली. कोऱ्या बाजूवर एकेक संदर्भ लिहायचा आणि आमच्या ज्या लेखाचा संदर्भ असेल, त्याच्या नावाच्या खोक्यात ते कार्ड उभं करायचं, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. खोकी खडूची होती, रिकामी.

दोन-चार दिवसांतच त्यांनी मला पहिला धक्का दिला.

"सर, ही नुसत्या नमस्काराची कार्डं वेगळी काढायची का?"

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी चार-पाच कार्डं दाखवली. आमच्या लोकांत संदर्भसूची हा पाया पडायचा कार्यक्रम असतो. आधी आपल्या मार्गदर्शकाचा लेख, मग विभागप्रमुखाचा, मग पुढेमागे जो परीक्षक म्हणून येईल त्याचा. लेखात त्याचा शब्दही वापरलेला नसतो. मीही कित्येकांच्या सूचीत संपादक या नात्याने आमच्या अंकांची दोन-दोन नावं घुसडलेली होती. "सूची फार लहान वाटते," असं कळवलं की लेखक समजून जात. मॅडमना हे मी सांगितलं नाही, पण त्या माझ्या दुरुस्तीचं अक्षर ओळखत असाव्यात.

"काढा," मी म्हणालो. "प्रामाणिक आकडा देऊ." हे बोलताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

"मंग मी प्रत्येक कार्डावर एक ओळ लिहिते. संदर्भ कशासाठी दिला त्याची. नुसता आकडा काय कामाचा?"

नमस्कार बाजूला काढल्यावर खोकी रिकामी व्हायला लागली. कित्येक खोक्यांत दोन कार्डं, कित्येकांत एक, बऱ्याच खोक्यांत काहीच नाही. एकच खोकं मात्र भरत चाललं होतं. ते माझ्या लेखाचं होतं.

लेख जुना होता, ऐंशीच्या दशकातला. भोकरदन तालुक्यातल्या एका गावाच्या विहिरींचा अभ्यास. पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्यावरून आत जावं लागणारं गाव. नाव सांगत नाही, कारण अपराध गावाचा नाही. अकरा विहिरींची पाण्याची पातळी मी भर मे महिन्यात मोजली, असं त्या लेखात लिहिलेलं होतं. कोष्टक होतं, नकाशा होता आणि शेवटी एक वाक्य होतं, जे लिहिताना मी दोनदा उठून येरझाऱ्या घातल्या होत्या. 'जमिनीखालच्या पाण्याला वस्त्या ठाऊक नसतात.'

हे वाक्य लोकांना फार आवडलं. भूगोलवाल्यांनी उचललं, समाजशास्त्रवाल्यांनी उचललं, एका प्रबंधाच्या पहिल्याच पानावर ते छापलेलं निघालं. मॅडमनी तीस-एकतीस कार्डं केली. बाकी सगळी खोकी एकत्र उलटी केली असती तरी तेवढी भरली नसती. म्हणजे आमच्या पत्रिकेचा जो काही इम्पॅक्ट होता, तो बहुतेक मीच होतो. मी दिवसातून दोनदा ग्रंथालयात चक्कर मारून खोक्यावर बोट फिरवून यायचो. वय पन्नाशीला आलं होतं आणि वागणं हे असं.

एका दुपारी मॅडमनी मला एक अहवाल दाखवला. त्या भागातल्या एका पाणी-योजनेसाठी कोणीतरी तयार केलेला, टंकलिखित. संदर्भसूचीत माझा लेख होता. मी खूश झालो. सरकारदरबारी, योजनांमध्ये आपलं लिखाण वापरलं जातं म्हणजे याहून मोठा इम्पॅक्ट तो कोणता?

"कशासाठी दिलाय?" मी विचारलं.

मॅडमनी पान उघडून वाचलं. त्या गावात गावठाण आणि वस्ती यांच्या विहिरींची उन्हाळी पातळी जवळजवळ सारखीच असल्याचं अभ्यासातून दिसून आलं आहे, त्यामुळे दोन हातपंपांची गरज नाही, एक हातपंप गावठाणात पुरेसा आहे. खाली माझं नाव आणि पान क्रमांक.

मॅडमनी अहवाल मिटला.

"सर, हे गाव माझं माहेर आहे."

"अरे वा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणायचं असतं?

"अकरा नंबरची विहीर आमच्या वस्तीतली. बुद्धविहाराच्या मागची." त्यांनी माझा लेख उघडून कोष्टकाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मे महिना, एकोणतीस फूट. "ही तुम्ही सोता मोजल्ती का सर?"

मी इथे थांबतो, कारण त्या दिवशी काय झालं होतं ते आता सांगितलंच पाहिजे.

मे महिन्यात मी एस.टी.ने त्या गावात गेलो होतो, बरोबर वर्गातली चार पोरं. दोराला फुटाफुटावर गाठी मारलेल्या, टोकाला दगड. दहा विहिरी आम्ही दोन वाजेपर्यंत उरकल्या. मग ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या मोठ्या शेतकऱ्याकडे जेवण झालं. आमरस होता. वाट्या किती झाल्या ते मी मोजलं नाही. जेवण झाल्यावर मी ओसरीवर लवंडलो. पोरं आधीच घोरत होती. चार वाजता उठून मी दोर उचलला, तर यजमान म्हणाले, "आता कुठं जाता सर उन्हात? राह्यली ती खालच्या वस्तीतली एक. खाली पाणी सगळ्यांचं एकच हाय. माझ्या विहिरीला अठ्ठावीस, तर तिला बी तेवढंच."

साडेपाचची शेवटची एस.टी. होती. मी वही उघडली आणि अकराव्या ओळीत लिहायला लागलो. अगदी अठ्ठावीसच लिहिलं तर खोटं वाटेल, म्हणून एक फूट वाढवला. हा एक फूट मला आजही झोंबतो. आळसाने आकडा ढापणारा माणूस वेगळा, आणि ढापलेला आकडा खरा दिसावा म्हणून त्याला नटवणारा वेगळा. मी दुसरा होतो.

आणि ऊन, एस.टी., आमरस ही सगळी निमित्तं. वस्ती तिथून दोनशे पावलांवर होती. दुपारी दीड वाजता एका शेतातली दहावी विहीर मोजायला आम्ही अर्धा कोस चाललो होतो, तेव्हा ऊन लागलं नव्हतं. खालच्या वस्तीकडे माझे पाय निघाले नाहीत. का निघाले नाहीत, ते मी ज्या प्रकारच्या घरात वाढलो तिथल्या कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही. मी वर्गात समतेवर बोलायचो, जयंतीला भाषण करायचो, सहकाऱ्यांच्या डब्यात हात घालायचो. पण त्या ओसरीवर, त्या यजमानांच्या डोळ्यांदेखत उठून तिकडे जायचं म्हटल्यावर मी माझ्या बापाचा मुलगा निघालो. परतीच्या एस.टी.त बसल्या बसल्या मला ते वाक्य सुचलं. जमिनीखालच्या पाण्याला वस्त्या ठाऊक नसतात. पाण्याला नसतील. मला ठाऊक होत्या.

तर मॅडमनी विचारलं, ही तुम्ही स्वतः मोजली होती का. आवाजात आरोप नव्हता. विचारायचं म्हणून विचारल्यासारखं होतं. तिथे नाही म्हणायला मला एक शब्द पुरला असता.

"हो तर," मी म्हणालो. "अकराच्या अकरा. दोर मीच धरला होता."

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि कार्ड लिहायला लागल्या.

समिती आली. सभागृहात आम्ही टेबलावर खोकी मांडली होती, कारण प्राचार्यांना ती पद्धत फार आवडली होती. समितीतले एक वयस्कर सदस्य भूगोलाचेच निघाले. त्यांनी माझ्या खोक्यातली कार्डं चाळली, खूश झाले आणि भाषणात म्हणाले की इम्पॅक्ट वगैरे आकडे येतील आणि जातील, पण ज्या पत्रिकेने असं एक वाक्य दिलं तिची किंमत भागाकाराने कळत नाही. मग ते वाक्य त्यांनी मोठ्याने, थांबून थांबून म्हटलं. टाळ्या वाजल्या. प्राचार्यांनी मला उभं राहायला लावलं. मी उभा राहिलो, हात जोडले. मॅडम शेवटच्या रांगेत दाराजवळ बसल्या होत्या. त्याही टाळ्या वाजवत होत्या, सगळ्यांसारख्याच. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं, आणि तरीही मी चेहरा हसरा ठेवला. हे दोन्ही एकाच वेळी जमतं, याचा शोध मला त्या दिवशी लागला.

समिती गेल्यावर दोन दिवसांनी खोकी विभागात परत आली. मी माझं खोकं उघडून बसलो. कार्डं मोजली तर एक जास्त भरलं. ते शेवटी होतं, मॅडमच्या अक्षरातलं. इतर कार्डांवर संदर्भ देणाऱ्याचं नाव, ग्रंथ, पान असायचं. याच्यावर लिहिलं होतं: 'विहीर क्र. ११, मे, २९ फूट. स्वतः मोजली, असे लेखकाने तोंडी सांगितले.' खाली त्या दुपारची तारीख.

म्हणजे माझ्या खोट्याचाही त्यांनी संदर्भ देऊन ठेवला होता. नियमाप्रमाणे, उगमासह. समितीतले ते सदस्य चाळत होते त्या गठ्ठ्यात हे कार्ड होतं. त्यांनी ते वाचलं असेल आणि चांगली पुस्ती समजून पुढे गेले असतील.

दोन रात्री डोळा लागला नाही. कार्ड फाडून टाकावं असं मनात आलं होतं, तेही लिहून टाकतो. तिसऱ्या दिवशी मी पुढच्या अंकासाठी एक दुरुस्ती लिहिली. 'काही अपरिहार्य कारणांमुळे विहीर क्रमांक ११ ची उन्हाळी नोंद प्रत्यक्ष घेता आली नव्हती व ती अंदाजाने देण्यात आली होती. वाचकांनी नोंद घ्यावी.' दहा वेळा खोडून हे एवढं साधलं होतं. कागद घेऊन दुपारी ग्रंथालयात गेलो. मुलं परीक्षेमुळे कमी होती. मॅडम वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधत होत्या.

"मॅडम, मी तुमच्याशी खोटं बोललो. ती विहीर मी मोजली नाही."

त्यांनी दोरीची गाठ पूर्ण केली.

"मला माहीत होतं सर."

"तुमच्या घरच्यांनी सांगितलं?"

"मी होते ना तिथं. सातवीची परीक्षा झाल्ती तेव्हा."

मी कागद पुढे केला. त्यांनी तो उभ्याने वाचला. 'अपरिहार्य कारणांमुळे' इथे त्यांची नजर थोडी थांबली, असं मला वाटलं. मग त्या खुर्चीवर बसल्या, मलाही बसा म्हणाल्या.

"विहीर कोरडी होती सर. होळीपासूनच कोरडी. तळाला गाळ बी वाळून गेल्ता. तुम्ही नुसतं वाकून बघितलं असतं तरी कळलं असतं, दोर लागलाच नसता." हे सांगताना त्यांचं कॉलेजातलं बोलणं हळूहळू सुटत गेलं. "सकाळी बाबा सांगत आल्ते, कालिजचे सर आलेत, गावातल्या सगळ्या विहिरी मोजून राह्यलेत, आपली बी मोजणार, कागदावर घेणार. सगळ्या वस्तीला आनंद झाल्ता. कागदावर आलं म्हणजे काहीतरी होईल, असं मोठी माणसं बोलत होती. विहिरीपाशी लिंबाखाली बाज टाकली, वर चादर. आमच्या आईनं रानातल्या विहिरीवरनं एक घागर आणली. दोन कोस जाऊन येऊन. तुम्हाला प्यायला. ती झाकून ठेवली आणि आम्हाला बजावलं, हात लावायचा न्हाई, पाव्हण्यांची हाय. आम्ही तिघं भावंडं तिथंच बसल्तो, वाटेकडं बघत. माझा भाऊ चार वर्षांचा होता. तो सारखा घागरीकडं बघायचा."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी टेबलावरच्या दोरीच्या गुंडाळीकडे बघत राहिलो.

"मंग?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे. कदाचित शिक्षा पूर्ण ऐकून घ्यावी म्हणून.

"मंग काय सर. साडेपाचची गाडी गेल्याचा आवाज आला. तरी आई थांबली, दिवस मावळेपर्यंत. मंग तिनं घागर उघडली आणि आम्हाला एकेक पेला दिला. म्हणली, प्या आता. ते न्हाई येत."